चांदीपुऱ्याचा ताप

गावांची नावे कशाने प्रसिद्धीस येतील ह्याचा नेम नाही. पैठणचे नाव पैठणीने घरोघर नेले, सोलापूरचे चादरीने, नागपूरचे संत्र्याने. वऱ्हाडातले लोणार तिथल्या खाऱ्या सरोवरामुळे जगाला ठाऊक झाले. आणि नागपूर भागातले चांदीपुरा हे लहानसे खेडे जगातल्या वैद्यकीय ग्रंथांत जाऊन बसले ते एका विषाणूमुळे. दूरदेशीचा जो विद्यार्थी मेंदूज्वराचा अभ्यास करतो, त्याला नागपूर कोणत्या दिशेला आहे हे ठाऊक नसेल. पण चांदीपुरा हा शब्द त्याला वाचावाच लागतो. आमच्या बोरी अरबला अजून असे काही चिकटलेले नाही. बरेच आहे म्हणायचे.

दिवाळीच्या अंकात, फराळाचे ताट शेजारी असताना, ही तापाची गोष्ट कुठे काढलीस, असे मला घरातच विचारण्यात आले. विचारणाऱ्यांचे चुकले असे नाही. पण मृगापासून पोळ्यापर्यंतचे दिवस ज्या आयांनी तान्ही-धाकटी लेकरे उराशी धरून काढलेले असतात, त्यांच्या मनात पहिली पणती लावताना कसला हिशेब चालू असतो, ते आमच्या अडाण नदीच्या काठी कोणाला समजावून सांगावे लागत नाही. पावसाळा सरला आणि घरातली सगळी पोरे जागच्या जागी आहेत, ह्यातच आमची निम्मी दिवाळी असते. म्हणून ही गोष्ट ह्याच अंकात शोभते, असे मला वाटते. मी डॉक्टर नव्हे. शाळेत शिकवणारी, कादंबऱ्या लिहिणारी बाई. मॅट्रिकपर्यंत जेवढे शरीरशास्त्र शिकले तेवढ्याच पायावर पुढचे सगळे वाचून उभे केले आहे.

१९६५ साली नागपूर भागात तापाची मोठी साथ आली होती. सांधे धरणारा, हाडे मोडून काढणारा ताप. पुण्याला त्या वेळी विषाणू संशोधन केंद्र नावाची संस्था होती. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि अमेरिकेतील रॉकफेलर फाउंडेशन ह्यांनी मिळून ती १९५२ साली काढलेली. आज आपण जिला राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणतो ती हीच. १९७८ साली तिला हे नाव मिळाले. ह्या संस्थेच्या लोकांची ख्याती अशी की, कुठे अनोळखी ताप उठला की ते बर्फाच्या पेट्या घेऊन निघालेच. १९५७ साली कर्नाटकात शिमोग्याकडच्या जंगलात माकडे पटापट मरू लागली आणि माणसे तापाने फणफणू लागली, तेव्हा ह्याच संस्थेने त्या रोगाचे मूळ शोधून काढले, आणि क्यासनूर ह्या जंगलाचे नाव त्या रोगाला कायमचे लागले. पुढे २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेने सुचवले की नव्या रोगांना गावांची, देशांची नावे देऊ नयेत, कारण त्या गावाला उगाच बट्टा लागतो. सूचना चांगली, पण क्यासनूरला आणि चांदीपुऱ्याला तिचा काही उपयोग झाला नाही. एकदा बसलेले नाव कुठे पुसले जाते?

तर नागपुरात १९६५ साली तापकऱ्यांचे रक्त घेतले गेले. ते पुण्याला गेले. तपासणीत निघाले ते अपेक्षेप्रमाणेच: डेंग्यू आणि चिकनगुन्या. पण दोन रुग्णांच्या रक्तात ह्या दोहोंपैकी काहीच नव्हते. तिसरेच काही होते. पी. एन. भट्ट आणि एफ. एम. रॉड्रिग्ज ह्या संशोधकांनी ते वेगळे काढले, ओळखीच्या विषाणूंशी ताडून पाहिले, आणि १९६७ साली हा नवा विषाणू असल्याचे प्रसिद्ध केले. रुग्णांच्या गावावरून त्याला चांदीपुरा नाव दिले. दप्तरी त्या नमुन्याचा क्रमांक ६५३५१४. हा क्रमांक ध्यानात असू द्यावा. पुढे तो पुन्हा येणार आहे.

सूक्ष्मदर्शकाखाली हा विषाणू बंदुकीच्या गोळीसारखा दिसतो. एक टोक गोल, एक सपाट. पिसाळलेल्या कुत्र्याच्या चावण्यातून येणारा विषाणू ह्याच कुळातला. एवढे दांडगे कूळ, पण ह्या पोराची त्या वेळची वर्तणूक मात्र अगदी साधी वाटली. पुढे देशात ठिकठिकाणच्या माणसांचे रक्त तपासले, तर कितीतरी प्रौढांच्या रक्तात ह्या विषाणूशी पूर्वी गाठ पडल्याच्या खुणा सापडल्या. म्हणजे माणसांना तो होऊन गेलेला आहे, आणि माणसे हिंडत-फिरत आहेत, शेतात राबत आहेत. दोन दिवसांचा ताप, दुसरे काय! विद्वानांनी तो नोंदला आणि बाजूला ठेवला. त्यात त्यांना दोष देण्याचे मला कारण दिसत नाही. ज्याने कोणाचे काही बिघडवलेले दिसत नाही त्याच्यामागे कोण लागणार?

धागे मात्र एकेक करून जमत होते. १९७० साली प्रसिद्ध झाले की औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, पकडलेल्या वाळूमाश्यांत हा विषाणू सापडला. म्हणजे डास नव्हे, ही बारकी माशी त्याची वाहक. १९८० साली रायपूरला मेंदूच्या आजाराने बेशुद्ध झालेल्या एका रुग्णाच्या रक्तात तो सापडला. १९८३ साली ते छापूनही आले. आता मागे वळून पाहताना वाटते की हाच तो क्षण होता. पण एका रुग्णावरून कोण काय म्हणणार? पुन्हा वीस वर्षे गेली.

ह्या मधल्या काळाकडे येण्याआधी थोडे कवटीकडे वळले पाहिजे. कारण ह्या तापाने मरणारे लेकरू तापाने मरत नाही; ते कवटीतल्या दाबाने मरते.

आपल्याकडे तान्ह्या बाळाची टाळू भरतात. न्हाऊमाखू घालताना तळव्यावर तेल घेऊन ते डोक्याच्या मऊ भागावर हळूहळू जिरवतात. हे करता करता आजीच्या बोटांना एक ज्ञान होत असे. बाळाला जुलाब होऊन अंगातले पाणी गेले की टाळू खाली बसते. आणि बाळ तापाने तळमळत असताना टाळू फुगून वर आली की आजीचा चेहरा उतरे. का, ते तिला सांगता येत नसे. पण लक्षण वाईट हे तिला पक्के ठाऊक असे. डॉक्टरही तान्ह्या मुलाला तपासताना आजही तिथेच बोट ठेवतात. ती फुगलेली टाळू म्हणजे आतल्या दाबाने बाहेर ढकललेला पडदा. बाळाचे एक भाग्य असे की त्याच्या कवटीची हाडे पुरती जुळलेली नसतात. थोडा दाब वाढला तर कवटीला किंचित सैल होता येते. साधारण दीड वर्षाच्या सुमारास टाळू भरून येते. आपण म्हणतो, लेकरू मोठे झाले. पण त्या दिवसापासून त्याचा मेंदू चारी बाजूंनी बंद पेटीत असतो.

ह्या बंद पेटीचा विचार पहिल्यांदा नीट मांडला तो स्कॉटलंडमधल्या वैद्यांनी. एडिंबरोचे अलेक्झांडर मन्रो ह्यांनी १७८३ साली आणि त्यांचे शिष्य जॉर्ज केली ह्यांनी १८२४ साली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: कवटी ताणली जात नाही. आत तीनच गोष्टी राहतात: मेंदू, रक्त आणि मेंदूभोवतीचे पाणी. (पाण्याचा मुद्दा त्यांच्या मागून आलेल्यांनी जोडला.) मोठ्या माणसाचा मेंदू सुमारे १४०० ग्रॅम, पाणी जेमतेम दीडशे मिलिलिटर, म्हणजे चहाच्या एका मोठ्या कपाएवढे. हे पाणी साठून राहत नाही. रोज सुमारे अर्धा लिटर नवे तयार होते आणि जुने रक्तात मुरते. ह्या तिघांपैकी एकाने जास्त जागा घेतली तर दुसऱ्यांना ती सोडावी लागते. आधी पाणी सरकते, मग रक्त सरकते. तेवढ्याने भागले तर ठीक. नाही भागले तर काठोकाठ भरलेल्या, घट्ट बुचाच्या बरणीत आणखी काही कोंबावे तसा दाब झपाट्याने चढतो. कवटीला खाली एक मोठे छिद्र आहे. मेंदूचा देठ तिथून पाठीच्या कण्यात उतरतो. वरून दाब आला की मेंदू त्या छिद्राकडे ढकलला जातो. श्वास चालवणारी केंद्रे नेमकी त्या देठात आहेत.

मन्रो-केलींच्या आधी, १७६८ साली, एडिंबरोच्याच रॉबर्ट व्हिट ह्यांचे एक पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर छापले गेले. मेंदूत पाणी होऊन दगावलेल्या मुलांची त्यात हकिकत आहे. ह्या वैद्याकडे ना क्षयजंतू होता ना सूक्ष्मदर्शकाचे बळ. त्याने धरून ठेवली ती मुलाची नाडी. आधी नाडी जलद चालते, मग हळू आणि अडखळत, आणि शेवटी पुन्हा जलद. मधल्या टप्प्यात नाडी मंदावते तेव्हा घरच्यांना वाटते, बरे वाटतेय पोराला, झोपले आहे. वस्तुतः तीच घातवेळ. नाडी का मंदावते ह्याचा उलगडा दाब मोजून हार्वे कुशिंग ह्या अमेरिकन शल्यविशारदाने विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन वर्षांत केला. व्हिटने वर्णिलेला रोग हा मेंदूच्या आवरणाचा क्षय होता हे आता सारेच मानतात. कसल्याही उपकरणावाचून, नुसत्या मनगटावरच्या बोटांनी एवढे ओळखणाऱ्या त्या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो.

आता पाठीतले पाणी. आमच्या भागात एक समज घट्ट बसलेला आहे की पाठीतले पाणी काढले की माणूस लुळा होतो. ह्या भीतीपायी पोर उचलून दवाखान्यातून घरी आणलेले बापही मी पाहिले आहेत. ही सुई १८९१ साली जर्मनीतील कील येथे हाइनरिख क्विंके ह्यांनी रूढ केली. त्यांचा हेतू तपासणीचा नव्हताच मुळी. डोक्यात पाणी होऊन दाब वाढलेल्या मुलांना थोडे पाणी काढून आराम पडावा, एवढाच. बाहेर येणाऱ्या पाण्याला काचेची नळी लावून ते किती उंच चढते हे त्यांनी पाहिले, आणि दाब मोजण्याची रीत तिथून सुरू झाली. पाण्यात जंतू आणि पेशी पाहून रोग ओळखता येतो हे त्याच नळीतून पुढे आले. जिथे सुई घालतात तिथे मुख्य रज्जू संपलेला असतो. म्हणून लुळे होण्याची भीती व्यर्थ आहे. खरी सावधगिरी निराळी असते. कवटीतला दाब फारच वाढलेला असेल तर पाणी खालून काढल्याने मेंदू आणखी खाली ओढला जाऊ शकतो. म्हणून आधी डोळ्यांच्या पडद्यात डोकावून किंवा डोक्याचा फोटो काढून पाहतात, आणि कधी कधी ती सुई मुद्दाम लांबणीवर टाकतात. डोळ्यात डोकावण्याचे यंत्रही जर्मनच. हेल्महोल्ट्झ ह्यांनी ते १८५१ साली बनवले.

दाब वाढवणारे संसर्ग पुष्कळ आहेत, आणि त्यांची चाल एकसारखी नसते. क्षयाचा मेंदूज्वर आठवडे घेतो: मूल चिडचिडे होते, खेळ सोडते, वाळते, मग मान ताठते. स्ट्रेप्टोमायसिन येईपर्यंत त्यातून कोणी वाचत नसे. १९४० नंतरच्या दशकात ते औषध आले आणि पहिल्यांदा ह्या मुलांनी डोळे उघडले. पू करणाऱ्या जंतूंचा मेंदूज्वर एक-दोन दिवसांत गाठतो. पण त्याला औषधे आहेत, वेळेवर पोचले तर. डोक्यात चढलेला हिवताप आहे. जपानी मेंदूज्वर आहे, आणि त्यावर लसही आहे. न शिजवलेल्या पालेभाजीवाटे पोटात गेलेल्या पट्टकृमीच्या अंड्यांतून मेंदूत गाठी होतात, त्याही ह्याच यादीत. चांदीपुरा ह्या सगळ्यांहून घाईचा.

काही वर्षांपूर्वीच्या एका आषाढात माझ्या वर्गातली एक मुलगी बुधवारी पाढे म्हणून घरी गेली. गुरुवारी तिची जागा रिकामी होती. शुक्रवारी दुपारी शाळेत निरोप आला. मी गेले तेव्हा तिची आजी ओसरीवर बसली होती. म्हणाली, "बाई, पहाटे अंग तापलं, उलटी झाली, अन् दुपारी झटके आले. ताप डोस्क्यात गेला माह्या लेकराच्या." दवाखान्याच्या कागदावर ताप आणि झटके एवढेच लिहिलेले होते. कारण कोणते, हे त्या घराला कधीच कळले नाही, आणि मीही ते इथे सांगू शकत नाही. नमुना घेतला गेला असेल-नसेल. पण त्या रात्री घरी आल्यावर माझ्या डोक्यात आजीचे ते एक वाक्य घोळत राहिले. ताप डोक्यात गेला. अडीचशे वर्षांच्या वैद्यकाने ह्याहून नेमके काय सांगितले आहे?

२००३ सालच्या पावसाळ्यात, जून ते ऑगस्टच्या दरम्यान, आंध्र प्रदेशात मुले अशीच पटापट जाऊ लागली. करीमनगर, वरंगळ हे जिल्हे, जे आज तेलंगणात आहेत, तिथून मुख्यतः. सकाळी ताप, मग उलट्या, झटके, बेशुद्धी. आणि दवाखान्यात दाखल झाल्यावर पुष्कळांचा दोन दिवसांच्या आत शेवट. एकूण ३२९ मुले आजारी पडली, त्यांतली १८३ गेली. नऊ महिन्यांपासून चौदा वर्षांपर्यंतची. शेकडा पंचावन्नांहून अधिक. आधी सगळ्यांना जपानी मेंदूज्वराचा संशय आला, कारण तो त्या भागात पूर्वी येऊन गेलेला. पण तपासण्या जुळेनात. शेवटी पुण्याच्या संस्थेने मुलांच्या नमुन्यांतून जे वेगळे काढले ते होते चांदीपुरा. बी. एल. राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा तो लेख २००४ साली लॅन्सेट ह्या जगविख्यात नियतकालिकात आला. आमच्या विदर्भातल्या खेड्याचे नाव असे जगाच्या वेशीवर टांगले गेले.

ह्यावर वाद झाला, आणि तो वाद वाचण्याजोगा आहे. हैद्राबादच्या काही बालरोगतज्ज्ञांचे म्हणणे पडले की हा मेंदूज्वर नव्हेच. पाठीतल्या पाण्यात दाह झाल्याच्या पेशी सापडत नाहीत. उलट मेंदूच्या एका बाजूची रक्तवाहिनी बंद पडल्यासारखी लक्षणे दिसतात, जशी म्हाताऱ्यांना अर्धांगवायूत दिसतात. त्यांनी ह्याला मेंदूवरचा झटका, आणि तोही साथीने येणारा, असे म्हटले. पुण्याच्या लोकांनी विषाणू पुढे केला. कोणाचे खरे? मला वाटते, दोघांच्या भांडणात एक गोष्ट दोघांनाही मान्य होती, आणि आईबापांच्या दृष्टीने तीच महत्त्वाची: मूल दाबाने आणि झटक्यांनी जात होते, आणि पहिल्या काही तासांत दाब उतरवला, झटके थांबवले, श्वास चालू ठेवला तर काहीजण परत येत होते. कारणाचा वाद पुढे चालू शकतो. पोर थांबत नाही.

आता तो क्रमांक. ६५३५१४. शास्त्रज्ञांनी १९६५ सालचा तो जुना नमुना आणि २००३ सालचे नवे नमुने ह्यांची जनुके अक्षराला अक्षर लावून ताडून पाहिली. अडतीस वर्षांत विषाणू मुलांच्या जिवावर उठण्याइतका बदलला असेल, असे कोणालाही वाटले असते. पण विषाणूच्या बाहेरच्या कवचाचे जनुक शेकडा पंचाण्णवांहून अधिक जसेच्या तसे निघाले. मोठा म्हणावा असा पालट काही सापडला नाही. चांदीपुऱ्याच्या त्या दोन तापकऱ्यांच्या रक्तातला आणि करीमनगरच्या पाळण्यांवर झडप घालणारा, तो मूलतः तोच.

मग मधली अडतीस वर्षे तो काय करीत होता? ह्या प्रश्नावर मी कादंबरीकार म्हणून विचार करते. शास्त्रज्ञांनी मला माफ करावे. मला वाटते, तो हेच करीत होता. १९५४ साली जमशेदपूरला मुलांमध्ये तापाची आणि झटक्यांची अशीच साथ आली. कारण सापडेना म्हणून तिला जमशेदपूर ताप असेच नाव पडले. असे कितीतरी बिननावाचे ताप आपल्या खेड्यांतून येऊन गेले असतील. त्यांतला प्रत्येक चांदीपुऱ्याचा होता असे मी म्हणत नाही. म्हणण्याला आधारही नाही. पण ज्या गावात मृत्यूची नोंद 'ताप' एवढीच होते, तिथे विषाणूला लपायला दुसरी जागा कशाला हवी? ज्या प्रौढांच्या रक्तात खुणा सापडल्या ते सगळे वाचलेले होते. रक्त वाचलेल्यांचेच तपासता येते. जी मुले एका दिवसात गेली त्यांच्या दंडात कोणाची सुई शिरलीच नव्हती. विषाणू निरुपद्रवी ठरला तो असा.

आणि ती माशी. वाळूमाशी डासाच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाची, दोन-तीन मिलिमीटर. अंगावर लव, बसली की पंख उभे. तिला नीट उडता येत नाही. ती टुणटुण उड्या मारीत जाते, म्हणून जिथे जन्मते तिथल्या आसपासच राहते. साध्या मच्छरदाणीच्या भोकांतून आत येते. डासाला साचलेले पाणी लागते, हिला पाणी नको. भिंतीच्या भेगा, गोठ्यातला दमट केरकचरा, शेण कुजलेले कोपरे, जिथे अंधार आणि ओल आहे तिथे ती अंडी घालते. दिवसा भेगेत, रात्री आपल्या अंथरुणावर. प्रयोगशाळेत असेही दिसले आहे की बाधित माशीच्या अंड्यांतून विषाणू पुढच्या पिढीत उतरतो. म्हणजे एका पावसाळ्यातून दुसऱ्या पावसाळ्यात जायला त्याला माणसाची गरजही नसावी.

आमच्या इकडची जुनी घरे मातीच्या भिंतींची, कवेलूंच्या छपरांची. वैशाखात उन्हाने शेतातली काळी माती भेगाळते तशीच घराची भिंतही भेगाळते. मृगाआधी प्रत्येक घर कवेलू फेरते, कारण छप्पर गळले तर धान्य भिजते. भिंती मात्र आम्ही लिंपतो आणि पोतारतो त्या दिवाळीच्या तोंडावर. सण म्हणून, लक्ष्मी यायची म्हणून. तोवर माशीचा हंगाम होऊन गेलेला असतो. ही रीत मोडावी असे माझे म्हणणे नाही. दिवाळीच्या सारवणाचा वास मलाही हवा आहे. पण मातीचा एक गोळा वैशाखात भेगांतही जायला हरकत कोणती?

२००३-०४ नंतर हा ताप पुन्हा पुन्हा येत राहिला आहे. २००४ साली गुजरातेत, २००७ साली नागपूर विभागात, म्हणजे आपल्या जन्मघरी. नागपुरात पकडलेल्या वाळूमाश्यांतूनही पुढे तो वेगळा काढता आला. २०२४ च्या पावसाळ्यात गुजरातेत साबरकांठ्यापासून सुरुवात झाली आणि गेल्या वीस वर्षांतली सर्वांत मोठी साथ आली. जूनच्या आरंभापासून १५ ऑगस्टपर्यंत देशात मेंदूज्वराच्या लक्षणांची २४५ मुले-माणसे नोंदली गेली, त्यांतली ८२ गेली. ६४ जणांत चांदीपुरा पक्का ठरला, त्यांतले ६१ गुजरातेतले. वर्तमानपत्रे वाचून त्या वेळी गावात दोघा-तिघांनी मला विचारले की ते ओडिशातले, क्षेपणास्त्रे सोडतात ते गाव का? ते चांदीपूर. हे आपले.

ह्या विषाणूवर औषध नाही आणि लसही नाही. जे आहे ते दाबावर आहे. १९१९ साली वीड आणि मॅकिबन ह्या अमेरिकन संशोधकांनी मांजरांच्या शिरेत मिठाचे तीव्र पाणी सोडले आणि मेंदू डोळ्यांदेखत आकसला. लोणच्याच्या फोडीला मीठ लावले की पाणी सुटते, तेच तत्त्व. १९६० नंतर मॅनिटॉल ही साखर त्याच कामी रुळली. आज तालुक्याच्या दवाखान्यांतही ती ठाऊक असते. उशाकडची बाजू थोडी उंच करणे, मान सरळ ठेवणे, झटका थांबवणे, ताप उतरवणे, श्वास पाहणे. एवढ्या साध्या गोष्टींनी काही तास विकत मिळतात. आणि ह्या तापात तासांनाच किंमत आहे. आमच्या गावातून यवतमाळ पाऊण तासाच्या वाटेवर. तिथे १९८९ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथून नागपूर दीडशे किलोमीटर. "पुढे न्या" हे दोन शब्द आमच्याकडे ज्या घराने ऐकले आहेत, त्याला ह्या दीडशे किलोमीटरांचा अर्थ ठाऊक आहे. २०१४ पासून १०८ क्रमांकाची गाडी येते, हे मात्र खरेच मोठे काम झाले. पण गाडीला हाक मारायला घरात कोणी तरी लागते, आणि तेही ताप 'उद्यापर्यंत उतरेल' असे न म्हणणारे.

म्हणून आषाढ लागला की मी वर्गातल्या मुलांनाच सांगते. धाकट्याला एकदम जोराचा ताप आला, उलटी झाली, हातपाय वाकडे झाले, किंवा हाक मारली तरी तो ओ देत नाही, तर झोपला आहे असे समजू नका. शेजाऱ्याला बोलवा, १०८ लावा. आईबापांना मी सांगत नाही असे नाही. पण ते निंदणाचे दिवस असतात. आई दिवस उजाडताच विळा घेऊन वावरात गेलेली असते, बाप डवऱ्यामागे. आणि घरात धाकट्याच्या उशाशी तिसरीतली नाही तर चौथीतली बहीण बसलेली असते.